एवेलिओच्या जेवणाचा डबा

मित्रांनो, मी निकाराग्वातला एक जुना, पोचे पडलेला डबा आहे. दूध पावडरीच्या पत्र्याच्या डब्याला कडी ठोकून एवेलिओने मला घडवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्याच्यासोबत ऊसतोडीला गेलो. त्याची मुलगी डमारिस पहाटे माझ्यात भात, लाल घेवडा आणि तळलेली केळी भरायची. फडातले सोबती माझं झाकण उघडताच वास घेत जवळ सरकायचे.

पुढे एवेलिओची कंबर धरू लागली. शेजारीपाजारी सगळेच दुखण्यावरच्या गोळ्या घेत. डमारिसनेही दुकानातून त्या सुट्या आणल्या आणि रोज दोन गोळ्या कागदात बांधून माझ्यात ठेवू लागली. बापाचं दुखणं थांबलं, तिला बरं वाटलं. तो मात्र भर उन्हात घोटभर पाण्यासोबत गोळी गिळायचा आणि पुन्हा कोयता उचलायचा.

मग त्याचे पाय सुजले. लघवी कमी झाली, अन्न पोटात ठरेना. दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या कुणी दिल्या ते विचारलं.

"मीच घेतल्या," एवेलिओ चटकन म्हणाला.

"नाही. मी डब्यात ठेवायचे," डमारिस हळूच म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. अंगातलं पाणी उन्हाने आटलेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त आणखी कमी करतात, हे त्यांनी समजावलं. गोळ्या तिथेच बंद झाल्या. मूत्रपिंडं थोडी सावरली, पण पहिल्यासारखी झाली नाहीत. ऊसतोड कायमची सुटली.

त्यानंतर डमारिसने मला हात लावला नाही. मी खुंटीवर धूळ खात राहिलो. शेवटी एवेलिओला केळीच्या बागेत सावलीतलं काम मिळालं. त्या सकाळी त्याने मला घासलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"पोरी, डबा भर. तुझ्या हातचं नसलं तर घास उतरत नाही मला."

मग तिने भात वाढला. झाकण लावताना विचारलं, "आणि बाबा, दुखलं तर?"

"दुखलं तर घरी येईन."

मित्रांनो, मायेने दिलेली गोळीही आधी डॉक्टरांना विचारून द्या. राबणाऱ्या माणसाला सावलीत बसवा, पाणी द्या. आणि दुखलं तर घरी ये, असं त्याला सांगून ठेवा.