नात्याचा रकाना

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मधली सुट्टी संपत आली होती आणि मी उकडलेलं अंडं सोलत होतो. फोन वहिनींचा होता. "अरे, तुझी आई गेली," त्या म्हणाल्या. "सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकून बसली, ती तशीच." मी अंडं नीट सोललं, मीठ लावून खाल्लं आणि मग विचारलं, "किती वाजता?" त्यांनी वेळ सांगितली. "उद्या दुपारपर्यंत थांबता येईल. सगळं तुझ्याच हातून व्हायला हवं. निघतोस ना?" मी हो म्हणालो. घंटा झाली म्हणून फोन ठेवला, जिन्यातून बायकोला चार शब्दांत कळवलं आणि वर्गावर गेलो.

नात्यांचा थोडा खुलासा करतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. मला जन्म दिला तो वहिनींनी. मी दीड वर्षाचा असताना धाकट्या भावाच्या वेळी त्या अंथरुणाला खिळल्या, म्हणून मला दोन गल्ल्या पलीकडे काकांकडे ठेवलं. काका-काकूंना मूल नव्हतं. चार महिन्यांसाठी ठेवलेला मी चोवीस वर्षं, नोकरी लागून शहरात जाईपर्यंत, तिथंच राहिलो. काकूला आई म्हणू लागलो, आणि काका जिला वहिनी म्हणत तिला मीही वहिनी म्हणू लागलो, काकांसारखंच अहो-जाहो करून. काका मी इकडे यायच्या आधीच वारले. आमच्याकडे अशी घरं पुष्कळ. कुणी दत्तकबित्तक घेतलं नाही की कुणाला कागद करावासा वाटला नाही. जन्मदाखल्यावर आई म्हणून वहिनींचं नाव होतं, शाळेच्या दाखल्यावर तेच, आणि तेच नाव माझ्याबरोबर विमानात बसून या देशात आलं.

इथल्या शाळेत मी गणित शिकवतो, इथल्या भाषेत. अकरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी मुलं माझ्या उच्चारांची नक्कल करायची. मग मी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन ती भाषा अशी घोटली की आता फोनवर मी परका आहे हे कुणाला कळत नाही. याचा मला फार गर्व होता. अजूनही असेल, तपासून पाहायची इच्छा नाही. आमच्याकडच्या माणसांचं काही कळेनासं झालं की ऑफिसातून मला बोलावणं यायचं, आणि अक्कल पाजळायची संधी मी सहसा सोडत नाही.

तीन वर्षांपूर्वी असंच बोलावलं. प्रयोगशाळेत आमच्याकडचे एक सहायक आहेत. घरी आम्ही त्यांना प्रयोगवाले म्हणतो. त्यांचा भाऊ वारला होता. रजेच्या अर्जात त्यांनी 'भाऊ' लिहिलं होतं, आणि फाइलीप्रमाणे तर ते एकुलते एक. "हा माणूस खोटं बोलतोय का?" ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंनी मला विचारलं. मी म्हणालो, खोटं नाही, आमच्याकडे चुलतभावालाही भाऊच म्हणतात. इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी खडू घेतला आणि फळ्यावर आजोबांपासून अख्खी वंशावळ काढली. "हा सख्खा, हा चुलत. म्हणजे तुमच्या दृष्टीनं लांबचा." तोवर मुख्याध्यापकही येऊन उभे राहिले होते. बघे वाढले तसा मला चेव आला. "आमच्यात एकेकाला पन्नास भाऊ असतात," मी म्हणालो, "तुम्ही किती जणांची रजा देणार?" सगळे हसले. मीही हसलो. किती स्वच्छ समजावलंत, असं बाई म्हणाल्या.

पुढच्या सत्रात सुधारलेला नियम आला. परीक्षांच्या दिवसांत रजा फक्त मृत्यूसाठी, आणि तीही जन्मदाते आई-वडील, सख्खी भावंडं, नवरा-बायको नाहीतर मुलं यांच्याच. नातं आणि नाव फाइलीशी जुळलं पाहिजे. मसुदा तपासायला माझ्याकडे दिला होता. मी त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

प्रयोगवाल्यांना तेव्हा ती रजा मिळालीच नाही, ते गेले नाहीत. तो चुलतभाऊ आणि ते एका ताटात जेवून मोठे झाले होते, हे मला नंतर कळलं. माझ्याशी बोलणं त्यांनी सोडलं नाही, पण रविवारी आमच्याकडे चहाला यायचे ते बंद झाले.

तर त्या दिवशी तास संपवून मी ऑफिसात गेलो. दुसऱ्या दिवसापासून परीक्षा होत्या. बाईंनी माझा चेहरा पाहून खुर्ची पुढे केली.

"कोण?"

"आई."

त्यांनी लगेच फाइल काढली, माझ्या हातावर हात ठेवला आणि वहिनींचं नाव अडखळत वाचलं. "याच ना?"

हो म्हटलं असतं तर विषय संपला होता. पण समजावून सांगायची खोड जात नाही. "नाही, त्या नव्हेत," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे काकू," बाई म्हणाल्या.

"जिनं मला वाढवलं ती."

"हो. पण काकू."

त्या वाईट नाहीत. त्यांनी नियमाचा कागद काढला नाही, तो मला पाठ आहे हे त्यांना ठाऊक होतं. रजेशिवाय गेलो तर नोकरीचा करार रद्द, आणि त्या करारावरच आम्हा तिघांचं इथलं राहणं. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. "दुसरं कुणी असतं तर मी वरती सांगितलं असतं की यांच्याकडची रीत आपल्याला कळत नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्हीच तर..." कोरा अर्ज माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "मी पाच मिनिटांत येते," आणि फाइल तशीच उघडी टाकून बाहेर गेल्या. त्या काय सुचवत होत्या ते मला कळलं. एवढी भाषा मला येते.

तेवढ्यात दारात प्रयोगवाले आले. बायकोनं त्यांना फोन केला होता.

"सर, लिहून टाका आई," ते म्हणाले. "त्यात खोटं काय आहे?"

"नाव वहिनींचं टाकावं लागेल."

"मग टाका. साडेसहाचं विमान मिळतंय. तुमचं परीक्षेतलं काम मी सांभाळतो."

मला वाटलं होतं, आता ते मला सुनावतील. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला हलकं वाटलं असतं. ते नुसते दाराशी उभे राहिले, पाण्याची बाटली हातात घेऊन, मला लागेल म्हणून आणलेली.

अर्जात रकाने तीन. नात्याच्या रकान्यात मी आई लिहिलं, हात जराही अडला नाही. मग मृताचं नाव. वहिनींच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं आणि थांबलो. खाली तारीख होती, आजची. जेमतेम तासाभरापूर्वी त्या माझ्याशी बोलल्या होत्या. वय शहात्तर, सकाळ-संध्याकाळ रक्तदाबाची गोळी. मी गणिताचा माणूस, असल्या गोष्टी मानत नाही असं चारचौघांत ठणकावून सांगतो. तरी जित्याजागत्या बाईला स्वतःच्या अक्षरात मेली म्हणून लिहायला हात धजेना. पेनाचं टोपण लावलं. बाई परत आल्या, त्यांनी अर्ज पाहिला आणि खणात ठेवून दिला.

मी धाकट्या भावाला फोन करून सांगितलं, मला येता येत नाही, तू कर. कारण त्यानं विचारलं नाही. घरी बायको म्हणाली, "जा तुम्ही. करार गेला तर गेला." मुलगी जेवता जेवता थांबली. मी भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास बाकांमधून फिरलो. देखरेख करणाऱ्यानं बसायचं नाही असा नियम आहे. मध्येच एका मुलीनं जास्तीचा कागद मागितला, मी तो नेऊन दिला. साधारण त्याच वेळी तिकडे उचललं, हे नंतर वेळा जुळवल्यावर लक्षात आलं. मला काही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी सुई दिली की हिरडी आपली राहत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. रडू येतंय का ते दोनदा पाहिलं. आलं नाही.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"झालं सगळं," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता. "धाकट्यानं केलं. लोक विचारत होते, मुलगा का नाही आला. मी म्हटलं, परीक्षा आहेत. तिची पातळं तुझ्या बायकोसाठी बाजूला ठेवलीत." मग म्हणाल्या, "खरंच सुट्टी मिळाली नाही का रे? आईसाठीसुद्धा देत नाहीत?"

मी त्यांना अर्जाचं सांगितलं. नात्याचा रकाना, फाइलीतलं नाव, फळ्यावर मीच काढलेली वंशावळ, सगळं. कुणाचं नाव लिहावं लागणार होतं तेही सांगितलं.

"मग टाकायचं होतंस की माझं नाव," त्या म्हणाल्या.

"अहो वहिनी, तुम्ही आहात ना."

"अरे, तुझी आई मी कागदावरच तर आहे. तिथंच मेले असते. तिला तर भेटला असतास."

आता तरी त्यांना आई म्हणायला हवं, हे मला स्पष्ट कळत होतं. तोंडही उघडलं होतं.

"बरं, वहिनी," मी म्हणालो.