पाचट पेटवायच्या आधी

मनुबाईची छाती धुरापुढे टिकायची नाही. कराडच्या डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं, फुफ्फुसं कामातून गेलीत, औषधापेक्षा धुरापासून जपा. रानात उसाचं वाळलेलं पाचट पेटणार असेल त्या दिवशी घरात थांबूच नका. तेव्हापासून ऊस तुटून गेला की भावकीतला जो तो आदल्या दिवशी तिच्या दारात जाऊन सांगायचा, "वैनी, उद्या पेटवतूय." वैनी पिशवी भरून उंब्रजला बहिणीकडे जायची.

घोडं अडलं ते ज्ञानूपाशी. हा तिचा सख्खा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा शेंबडा पोर होता, तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवला. पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांत वाजलं, आणि पुढे तिचा नवरा, ह्याचा भाऊ, वारला तरी ह्या शहाण्याचं तोंड उघडलं नाही. यंदा त्यानं नेमका तिच्या परसाला लागून ऊस लावला होता, आणि तो आता तुटून गेला होता.

आपण होऊन बोलायचं म्हणजे नाक गेलं, असं त्याला वाटत होतं. मग अबोल्यातली माणसं करतात तेच त्यानं केलं. वैनी परसात भांडी घासत होती. कुडाच्या अलीकडं बैलाला वैरण टाकत हा त्या बैलालाच मोठ्यांदा म्हणाला, "हौश्या, उद्या सांजंला पाचट पेटवायचं बरं का रं. ज्यानं त्यानं आपलं बघावं."

भांड्यांचा आवाज थांबला. ऐकलं म्हणायचं. मोठी कामगिरी केल्यासारखा तो जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी वैनी गेली का, हे बघायला घराला वळसा घालून तिच्या दारापर्यंत जावं लागलं असतं. तेवढंही त्यानं केलं नाही. काडी लावली. वारा फिरला, धुराचा लोट तिच्या घरावर गेला, आणि पलीकडून खोकला ऐकू आला.

ज्ञानू धावला. वैनी उंबऱ्यात वाकडी होऊन पडली होती, ओठ काळेनिळे. त्यानं तिला पाठुंगळी घेतलं, धूर टाळून रस्ता गाठला आणि कराडला भाडं नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये घातलं. जीपमध्ये भावकीतला दादासो होता.

"वैनीस्नी सांगितलं न्हवतंस व्हय?" त्यानं विचारलं.

"सांगितलं की."

"मग काय म्हणाल्या?"

कुणाला सांगितलं ते ज्ञानूच्या तोंडून बाहेर पडेना. कराड येईस्तोवर त्यानं मान वर केली नाही.

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर बऱ्याच वेळानं तिचा श्वास सुरळीत झाला. खाटेशी उभा राहून, फरशीकडं बघत ज्ञानूनं विचारलं, "वैनी, तुमास्नी ऐकू आलं न्हवतं का?"

तिनं मास्क जरा बाजूला केला. "आलं की. पिशवीबी भरली व्हती."

"मग गेला का न्हाई?"

"म्हटलं, बैलाला सांगितलंय, आता मलाबी सांगायला ईल," मनुबाई म्हणाली. "दिसभर दारात बसून वाट बघितली रं तुजी."