सुट्टीच्या दिवसाचं चालणं

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. गुडघा बदलल्यापासून ते जरा जास्तच तापायला लागलं. उभा जन्म मी शिलाईच्या कारखान्यात सुपरवायझर होते. मला दोनच अवस्था कळतात: मशीन चालू, नाहीतर मशीन बंद. त्यामुळे व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या मुलीनं, जिला मी कवायतबाई म्हणते, ‘एक दिवस व्यायाम, एक दिवस सुट्टी’ असं सांगितलं, तेव्हा सुट्टीच्या दिवशी मी सरळ पलंगावर आडवी झाले. पाणीसुद्धा हातात मागवलं. दुसऱ्या दिवशी गुडघा लाकडासारखा ताठ. कवायतबाई ओरडली. मला आला राग. पुढच्या सुट्टीला मी दुप्पट व्यायाम केला, आणि गुडघा भोपळ्याएवढा सुजला.

“मावशी,” ती कपाळाला हात लावून म्हणाली, “सुट्टी म्हणजे पलंग नव्हे आणि शिक्षाही नव्हे. घरात थोडं हिंडा. कुंड्यांना पाणी घाला. कोपऱ्यापर्यंत रमतगमत जाऊन या. दम लागेल इतकं नको. आणि जिने फक्त माझ्यासमोर, व्यायामाच्या दिवशी. कळलं?”

“कळलं,” मी म्हणाले. पण माझं सगळं अडलं होतं ते जिन्यातच.

पलीकडच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर माझी ताई राहते. त्या इमारतीला लिफ्ट नाही. माझ्या ऑपरेशनच्या थोडं आधी ताई न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हाड छान जुळलं, डॉक्टर म्हणाले आता चाला, पण ताई काही उठेना. तिची सून फोनवर रडकुंडीला यायची. “मावशी, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. चला म्हटलं की म्हणतात, आता कशाला?”

ते ‘आता कशाला’ ऐकून मी फोन ठेवला आणि पलंगावर उठून बसले. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला वेणीसुद्धा घालता येत नव्हती. ती ताईनं घातली. सुईत दोरा ओवायला तिनं शिकवलं आणि त्या दोऱ्यावरच माझा संसार उभा राहिला. ती ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मी इकडे माझ्या घरात गुडघा शेकत बसले होते. फोनवर बोलावं, तर तिला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तर पटत नाही. तिच्याजवळ जाऊन तिला उठवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग विचार केला, कोपऱ्यापर्यंत जायचंच आहे ना, मग ताईच्या कोपऱ्यापर्यंत जाऊ. काठी घेतली, हळूहळू तिच्या गॅलरीखाली गेले आणि हाक मारली. सून डोकावली.

“ताईला बोलव.”

“नाही येत म्हणतात.”

“मग मी इथून हलत नाही,” असं म्हणून मी आणखी मोठ्यानं हाका मारायला लागले. समोरच्या खिडक्या उघडल्या. एक कुत्रं भुंकायला लागलं. शेवटी वॉकरचा खडखडाट झाला आणि गॅलरीत ताईचे विस्कटलेले पांढरे केस दिसले.

“गल्लीत तमाशा काय लावलायस? लाज आहे का?”

“नाही!” मी खालून ओरडले. इतक्या आनंदानं मी कधी कुणाच्या शिव्या खाल्ल्या नसतील.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीला मी जायला लागले. सुनेनं दोरीला टोपली बांधून दिली. टोपली ओढायची ती ताईनंच, नाहीतर मी काही पाठवणार नाही, असं मी जाहीर केलं. एकदा मी मुद्दाम वेड्यावाकड्या टिपा मारलेला उशीचा अभ्रा पाठवला. ताईनं तो तिथल्या तिथे उसवला. “हात आहेत की पाय?” तिनं वरून विचारलं. पुढच्या वेळी सुबक शिलाई घातलेला अभ्रा खाली आला. कवायतबाई माझा गुडघा वाकवून बघायची आणि म्हणायची, “सुट्टी मानवतेय तुम्हाला.” मी तिला ताईचं सांगितलं होतं. तिनं मला व्यायामाच्या दिवशी आमच्याच इमारतीच्या जिन्यावर चढायला शिकवायला घेतलं. एक मजला जमायला लागला होता. “तिसऱ्याची घाई नको,” ती बजावून म्हणाली, “मी सांगेन तेव्हाच.”

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी मी गॅलरीखाली हाक मारली, तर कुणी आलंच नाही.

पुन्हा हाक मारली. समोरच्या खिडक्याही उघडल्या नाहीत, त्यांना आता माझी सवय झाली होती. सुनेला फोन लावला, तो वरच्या घरात वाजत राहिला, मला खालपर्यंत ऐकू येत होता. फोन घरात, माणसं घरात, मग उचलत का नाहीत? माझ्या मनात नको नको ते आलं. कवायतबाईचं सगळं सांगणं विसरून मी कठडा धरला आणि चढायला लागले.

पहिला मजला रागाच्या भरात निघाला. दुसऱ्याला घाम फुटला. दुसरा मजला संपला, वळणावरच्या पायऱ्या सुरू झाल्या, आणि गुडघ्यानं मान टाकली. वरही जाववेना, खालीही उतरवेना. मी तिथेच बसले. एवढे दिवस घासून घासून गुडघा तयार केला आणि ऐन वेळी हा दगा. मला रडू कोसळलं आणि रडता रडता मी त्या गुडघ्याला तोंडाला येईल ते बोलायला लागले.

“कोण बोलतंय इतकं घाण?”

आवाज वरून आला, पण लांबून नाही. मी मान वर केली. वळणाच्या वर, पायरीवर ताई बसली होती. रांगायच्या वयातलं पोर जसं जिना उतरतं तशी, बसून, एक एक पायरी घसरत. एका हातानं कठडा घट्ट धरलेला. मागे सून, वॉकर काखोटीला मारून, घामाघूम.

“ऐकतच नाहीत हो,” सून म्हणाली. “सकाळपासून एकच धोशा. ‘ती दर खेपेला येते, आज मी जाते.’ गडबडीत फोनसुद्धा घरातच राहिला.”

ताईला धाप लागली होती. ती आणखी एक पायरी सरकली, मग आणखी एक, आणि माझ्या पायरीवर येऊन बसली. तिच्या अंगाला औषधाचा आणि साबणाचा वास येत होता. इतक्या महिन्यांत तो वास मी घेतला नव्हता.

“आज तुझा व्यायामाचा वार का?” तिनं विचारलं.

“नाही. सुट्टीचा.”

“मग जिना कशाला चढलीस, अक्कलशून्य?”

“आणि तू कशाला उतरलीस?”

ती जरा जवळ सरकली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू चोळत राहिली. किती उपकार आहेत हिचे माझ्यावर, आणि एकदाही मी तसं म्हटलेलं नाही, म्हणून त्या जिन्यातच मी म्हणून टाकलं. “ताई, तू होतीस म्हणून मी आहे गं.”

“मला नीट ऐकू आलं नाही,” ती म्हणाली. “परत म्हण.”

मी परत म्हटलं, मोठ्यानं. ते ऐकून खालच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि कुणीतरी विचारलं, “काही मदत हवी का?”

“नको,” ताई म्हणाली. “जरा बसतो इथे. मग जाऊ.”