साडेचार मिनिटांची साक्ष

मी साडेचार मिनिटं मेलो होतो. हे माझं म्हणणं नाही, आमच्या साइटच्या क्लिनिकने तसं कागदावर लिहून दिलंय. तो कागद मी इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, पाकिटात ठेवलाय. कुणी फार खोदून विचारलं की काढून दाखवतो, म्हणजे मला बोलावं लागत नाही.

सौदीत तबूकच्या बाहेर आमचा कॅम्प आहे. मी एसीचे डक्ट बसवतो, बावीस वर्षं झाली. मार्चमध्ये एका दुपारी मेसमध्ये कांदा चिरत उभा होतो. त्यानंतरचं पहिलं आठवतं ते हॉस्पिटलचं छत आणि त्यात बसवलेली थंड हवेची जाळी. ती वाकडी बसवली होती. एका बाजूला चांगली बोटभर फट. मरणातून परत आलेल्या माणसाला पहिल्यांदा काय दिसावं, तर दुसऱ्याने केलेलं गचाळ काम.

मधल्या वेळात काय झालं ते हाशमने सांगितलं. हाशम माझा रूममेट, रत्नागिरीकडचा, क्रेन चालवतो. मी पडल्यावर सगळे ओरडत पाणी मारायला लागले, याने मात्र सगळ्यांना ढकलून माझी छाती दाबायला घेतली. सेफ्टीच्या ट्रेनिंगमध्ये रबरी बाहुलीवर शिकला होता. तोवर क्लिनिकवाल्यांनी झटका द्यायचं मशीन आणलं. एका झटक्यात काम झालं, पण माझ्या दोन बरगड्या हाशमने मोडल्या होत्या.

"त्या बाहुलीच्या मोडत नव्हत्या," तो हॉस्पिटलात म्हणाला. "तूच कच्चा निघालास."

मला हसू आलं आणि जीव पुन्हा जातो की काय असं दुखलं. डॉक्टरने सांगितलंच होतं, महिना-दीड महिना हसू नका, खोकू नका, रडू नका.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ घातला इसहाक मास्तरांनी.

मास्तर मूळचे मिरजेचे. तिकडे शाळेत होते, इथे एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. त्यांची बायको अमिता नर्स आहे. त्यांच्या फ्लॅटवर आम्ही दहा-बारा मराठी ख्रिस्ती माणसं शुक्रवारी सकाळी प्रार्थनेला जमतो, दारं-खिडक्या लावून, हळू आवाजात, कारण इथे चर्चला परवानगी नाही. टेबलावर एक केक असतोच. कुणी शेजारी डोकावला तर वाढदिवस चाललाय म्हणायचं. अमिताचा वाढदिवस वर्षातून पन्नास वेळा येतो आणि तरी ती पस्तिशीतच आहे.

आमच्यात चाल आहे. दुखण्यातून उठलेल्याने मंडळीपुढे उभं राहून प्रभूने आपल्याला कसं वाचवलं ते सांगायचं. याला साक्ष म्हणतात. मी अजून हॉस्पिटलात होतो तेवढ्यात मास्तरांनी व्हॉट्सअॅपवर टाकून दिलं: 'मरणातून परत आलेले आमचे बंधू दौलत लवकरच साक्ष देतील. त्यांनी पलीकडे काय पाहिले ते जरूर ऐका.' मला विचारलं नाही. माणूस मेला आणि परत आला म्हणजे काहीतरी पाहूनच आला असणार, असं ते धरून चालले. तो मेसेज फिरत फिरत नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या पाळकसाहेबांकडे गेला. त्यांनी रविवारी चर्चमध्ये उभं राहून जाहीर केलं की आपल्या गावच्या दौलतला स्वर्गाचं दर्शन झालं. आणि चर्चमध्ये माझी बहीण बसली होती.

आता सरूआक्काबद्दल सांगायला हवं. ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई शेतावर जायची, मला हिनेच वाढवलं. तिचा एकुलता एक मुलगा नागेश. त्याला इथे आणला मी. व्हिसा मी मिळवून दिला, विमानतळावर घ्यायला मी गेलो, पहिल्या दिवशी बूट मी बांधून दिले. सव्वीस वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी जुलैत तो दुसऱ्या साइटच्या कॅम्पवर झोपला तो उठलाच नाही. बरोबरची पोरं झोपलाय समजून ड्यूटीवर निघून गेली. दुपारी कळलं. कागदावर कारण लिहिलं होतं, हृदय बंद पडल्याने.

पेटी गावी पोचायला पाच आठवडे लागले. मी बरोबर गेलो. पेटी उघडू नये असं वर लिहिलं होतं. आक्का म्हणाली, तोंड दाखवा. मी झाकणावर दोन्ही हात ठेवून उभा राहिलो. पाच आठवड्यांनंतर आईने काय पाहिलं असतं ते मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. मातीनंतर मी तिच्या घरी गेलो तर ती दारात आडवी उभी राहिली. "माझ्या दारात पाय ठिवू नको," म्हणाली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

तिने थडग्यावर दगडही बसवू दिला नाही. आमच्याकडे नावाच्या वर 'प्रभूमध्ये निजला' असं कोरतात, पिढ्यान् पिढ्या कोरत आले. तिने दगडवाल्याला हटकलं. "निजला कशावरनं? तिथं कोन व्हतं बघायला? तडफडला आसंल, मला हाका मारल्या आसतील. खोटं लिवायचं न्हाई." कोरा दगड दोन वर्षं तिच्या अंगणात भिंतीला टेकून उभा होता. हे मला गावाकडच्या फोनवरून कळायचं.

हॉस्पिटलातून कॅम्पवर आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"दौलत, मी सरू."

मी ताडकन उठून बसलो. बरगड्यांनी ठणाणा केला.

"पाळकसाहेब म्हनले तू वर जाऊन आला. दिवे आसतील, दूत आसतील, ते मंडळीला सांग. मला येवढंच सांग, मपला नाग्या दिसला का?"

मी म्हणालो, "शुक्रवारी साक्ष आहे आक्का, तेव्हा सांगतो." शुद्ध भित्रेपणा, दुसरं काही नाही.

"बरं. मास्तरांना म्हनावं फोन लावा. मी ऐकते."

मला काहीएक दिसलं नव्हतं. उजेड नाही, बोगदा नाही, आई-बाप नाहीत, नागेश नाही. कांदा, आणि मग जाळी. मध्ये काळोखसुद्धा नव्हता, कारण काळोख असायला तो बघणारा तरी हवा. आणि याची मला भीती वाटत होती. लहानपणापासून मी म्हणत आलो की मरण म्हणजे शेवट नाही. मग मी मेलो तेव्हा तिथे काहीच कसं नव्हतं? आणि तिथे काही नसेल, तर मी ज्याला मातीत ठेवून आलो ते पोर कुठे आहे?

झटक्याच्या मशीनने छातीवर भाजलं होतं, त्याचं ड्रेसिंग बदलायला अमिता आली तेव्हा तिला खरं सांगितलं. तिने चिकटपट्टी कापली. मग म्हणाली, "दादा, दिसला म्हणून सांगा. पांढऱ्या कपड्यात होता, हसत होता. कुणाचं काय बिघडणार आहे? आईचा जीव आहे तो."

मी तेच ठरवलं. आंघोळ करताना बोलून बघितलं. नागेशच्या हनुवटीवर व्रण होता, तो घातला. 'आई कशी आहे' असं त्याने विचारलं, तेही घातलं. खोटं इतकं घट्ट बसलं की माझ्या डक्टचे सांधेही कधी तसे बसत नाहीत.

हाशमला बाहेर सगळं ऐकू गेलं होतं. कॅम्पच्या भिंती कसल्या असतात.

"दौलत, मयत माणसाचं नाव घेऊन खोटं बोलू नको रे," तो म्हणाला. "मिस्त्री हायस ना तू? जे बघितलंस नायस त्याच्यावर सही करतोस काय?"

"तुला काय जातंय बोलायला? तुझी बहीण बोलते तुझ्याशी."

तो टॉवेल उचलून आंघोळीला गेला. शुक्रवारी सकाळी गाडी काढून मला मास्तरांकडे सोडायला मात्र तोच आला. "मी खाली बसतो. जुम्म्याच्या नमाजाच्या आत खलास कर," म्हणाला.

मी लवकर पोचलो होतो. मास्तर खुर्च्या मांडत होते. सही वगैरे डोक्यात घोळत होतं म्हणून असेल, त्यांना एकदम सांगून टाकलं, "मास्तर, मला काहीच दिसलं नाही."

मास्तर हातातल्याच खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा उतरला. "मी आधी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

मग म्हणाले, "बायबलातला, प्रभूने चार दिवसांनी कबरेतून उठवलेला तो माणूस आठवतो ना? दोन बहिणींचा भाऊ. तुम्ही साडेचार मिनिटं, तो चार दिवस. घरी गेल्यावर बहिणींनी विचारलं नसेल का, काय पाहिलंस म्हणून? पण त्याचा एक शब्द कुठे लिहिलेला नाही. मी तीस वर्षं ही गोष्ट सांगतोय, माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं."

"म्हणजे त्यालाही काही दिसलं नसेल?"

"मला काय ठाऊक? पण आपला विश्वास त्याने काय पाहिलं यावर नाही, त्याला हाक कुणी मारली यावर आहे. तुम्ही खरं तेच सांगा."

साडेनऊला माणसं जमली. केकच्या खोक्याला टेकवून मास्तरांनी व्हिडिओ लावलेला फोन उभा केला. आक्का डोक्यावर पदर घेऊन अंगणात बसली होती. मागे भिंतीला टेकलेला तो दगड दिसत होता. मी आंघोळीत पाठ केलेलं सगळं त्या दगडाकडे बघून विसरलो.

"आक्का," मी म्हणालो, "मला नागेश दिसला नाही. काहीच दिसलं नाही. मी कांदा चिरत होतो आणि मग हॉस्पिटलात जागा झालो. मधलं मला माहीत नाही."

अमिताने मान खाली घातली. आक्का फोनकडे बघत होती. आता फोन बंद करेल आणि पुन्हा या जन्मात लावणार नाही, असं मला वाटलं.

"दुखलं का तुला?" तिने विचारलं.

"नाही. आता दुखतंय, तेव्हा नाही."

"घाबरला व्हता?"

"घाबरायला सवडच मिळाली नाही."

"कुनाला हाक मारली का?"

"नाही आक्का. हाशम शेजारी उभा होता, त्यालासुद्धा मारली नाही. मला कळलंच नाही तर हाक कशी मारणार? नागेशचं मला ठाऊक नाही, मी तिथे नव्हतो. पण त्याच्या कागदावर जे लिहिलंय तेच माझ्या कागदावर लिहिलंय. आणि मी तर दिवसा, जागा असताना पडलो. तो झोपेत होता."

मग मी जे बोललो ते ठरवलेलं नव्हतं.

"आक्का, आपण नाताळात भजनाला जायचो, पलीकडच्या वाडीला. मी मधेच झोपायचो. तू मला खांद्यावर टाकून आणायचीस. ओढा होता मध्ये, बाभळी होत्या, मला त्यातलं काही आठवत नाही. डोळे उघडले की घरी गोधडीत असायचो. रस्ता मी कधी बघितला नाही, पण आणलं कुणी ते मला ठाऊक असायचं. तसंच असेल, आक्का. मला रस्ता दिसला नाही, एवढंच."

आक्काने पदराचं टोक तोंडावर धरलं. पहिल्यांदाच तिला रडताना बघितलं. मातीच्या दिवशी ती रडली नव्हती. मास्तर प्रार्थना सुरू करणार होते, मी हाताने थांबवलं. बराच वेळ फोनमधून अंगणातल्या कोंबड्यांचे आवाज येत होते.

"दोन वर्षं मला हाका ऐकू यायच्या त्याच्या," ती म्हणाली. "भाकरी करताना, पानी भरताना. मी उठून दारात जायची." तिने नाक पुसलं. "मारल्या नसतील मग."

"नसतील."

ती वळून दगडाकडे बघत राहिली. मग पुन्हा फोनकडे तोंड केलं.

"दगडवाल्याला बोलावते उंद्या. कोर म्हनते."

"काय कोरायचं?"

"कोरत्यात तेच. निजला म्हनून." तिने पदर सावरला. "बसवायला तू ये, दौल्या. डाक्टर सोडंल तवा ये. आन् आल्यावर दारात उभा ऱ्हाऊ नको, आत ये."

दौल्या मला जगात एकच माणूस म्हणतं. मला रडू आवरेना. दोन्ही बरगड्या चरचर दुखत होत्या आणि अमिता मागून ओरडत होती, दादा, रडायचं नाही सांगितलंय ना तुम्हाला.

खाली आलो तेव्हा हाशमने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता गाडीचं दार उघडून दिलं.