नोंद आढळली नाही

मावशींनी कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला, ओळीखाली बोट फिरवत वाचला आणि मेट्रनबाईंच्या टेबलावर परत ठेवला.

"हा माझा नाही."

"अहो, नाव तुमचं, फोटो तुमचा, बोटांचे ठसेसुद्धा तुमचेच," मेट्रनबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमचा नाही तर काय माझा?"

मावशींनी तो पुन्हा उचलला. सदर व्यक्तीविरुद्ध कोणत्याही गुन्ह्याची नोंद आढळून आली नाही. खाली पोलिसांचा गोल शिक्का, शिक्क्यावर सही.

"पण मी तुम्हाला सांगितलं होतं," त्या हळूच म्हणाल्या.

मेट्रनबाईंनी दाराकडे पाहिलं. दार लावलेलं होतं.

"सांगितलं होतंत खरं. तिथेच तर घोडं अडलंय."

वृद्धांच्या त्या निवासात मावशी एकोणीस वर्षं कामाला होत्या. उठवणं, भरवणं, अंघोळ घालणं, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलणं, सगळं त्यांच्या हातचं. दोन आठवड्यांपूर्वी स्वयंपाकघराबाहेरच्या फळ्यावर सूचना लागली, की राहणाऱ्यांच्या खोल्यांत जाणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी होणार, जुने असोत की नवे. "कर नाही त्याला डर कशाला!" असं स्वयंपाकी मोठ्यांदा म्हणाला आणि सगळे हसले. मावशीही हसल्या. मग सहा नंबरच्या खोलीत जाऊन त्यांनी निवृत्त मास्तरांना कुशीवर वळवलं, आणि पाच मिनिटांनी पुन्हा त्याच कुशीवर वळवू लागल्या. "अहो, उलट्या दिशेला!" मास्तर ओरडले तेव्हा त्या भानावर आल्या.

तिसऱ्या दिवशी, कागद सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, म्हणून त्यांनी मेट्रनबाईंचं दार ठोठावलं होतं.

गोष्ट एकोणतीस वर्षांपूर्वीची. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि एका घरी एका म्हाताऱ्या बाईंची शुश्रूषा करत होत्या. अंघोळ घालताना बाईंच्या बोटातली लाल खड्याची अंगठी साबणाने निसटायची, म्हणून ती आधी काढून ठेवायची रीत. त्या दिवशी ठेवायला कोरडी जागा दिसली नाही, तेव्हा मावशींनी ती स्वतःच्या बोटात घातली. पुढे बाईंना पुसणं, कपडे, जेवण, औषध. संध्याकाळी बसथांब्यावर उभं असताना खडा चमकला.

"तिथून परत फिरले असते तर दहा मिनिटांचं चालणं होतं," असं त्यांनी मेट्रनबाईंना सांगितलं होतं. "नाही फिरले. का, ते मला आजही सांगता येत नाही. बस आली आणि मी चढले."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा मुलगा पोलिसांना घेऊन मावशींच्या घरी आला. जिन्यावर पावलं वाजली तशी त्यांची पाचावर धारण बसली, आणि त्यांनी अंगठी मोरीच्या जाळीतून खाली सोडून दिली. मग दोन दिवस, दोन रात्री ठाण्यातल्या बाकावर. तिसऱ्या दिवशी सोडलं, तेव्हा बाहेर दादा उभा होता.

मेट्रनबाईंनी सगळं ऐकून घेतलं होतं. रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून, "कागद येईपर्यंत," म्हणून त्यांना धुलाईखान्यात पाठवलं. आठ दिवस मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या आणि जाणारा-येणारा विचारत होता, मावशी, तुम्ही इथे कशा?

आणि आता कागद आला होता, धुतल्या चादरीसारखा.

"कागद म्हणतो काही नाही, तुम्ही म्हणता आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी खोटं पाडू कोणाला?"

"उद्या अर्धा दिवस रजा द्या. ठाण्यात जाऊन विचारून येते."

"काय विचारणार? चांगलं निभावलंय, गप्प बसा की."

"दोन दिवस मी आत होते, बाई," मावशी म्हणाल्या. "ते कुठे गेले?"

ठाण्याच्या मागच्या अंगाला जुन्या वह्यांची खोली होती. तिथल्या कारकुनाने मावशींचं म्हणणं दोनदा ऐकलं आणि कानावरची पेन्सिल काढली.

"म्हणजे तुम्हाला तुमच्याविरुद्धची नोंद हवी आहे?"

"हो."

"इथे लोक नोंद पुसा म्हणून नाक घासत येतात. शोधून द्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." पण माणूस भला होता. साल-महिना विचारून तो शिडीवर चढला आणि अर्ध्या तासाने धुळीने माखलेली एक लांबडी वही घेऊन उतरला. पानं उलटता उलटता थांबला. वाचू लागला.

"संशयित म्हणून चौकशीसाठी आणली. कबूल होत नाही. हं. इथे तिसऱ्या दिवशी. सकाळी नऊ वाजता. 'तक्रारदाराच्या मातोश्री स्वतः ठाण्यात हजर. अंगठी घरीच, न्हाणीघरात सापडल्याचं सांगतात. अंगठी समक्ष दाखवली. काही तक्रार नाही.' झालं. गुन्हा दाखलच झाला नाही, मग कागदावर येणार कुठून?"

"अंगठी दाखवली?"

"तसं लिहिलंय."

"लाल खड्याची?"

कारकुनाने वाकून पाहिलं. "खड्याचं काही नाही. 'अंगठी, नग एक.' बस्स."

मावशींनी वही आपल्याकडे वळवली. नोंदीखाली एक सही होती, मुंग्यांची रांग विस्कटावी तशी. त्या बाईंना पलंगावरून खुर्चीत बसवायला मावशींचे दोन हात लागायचे. ठाण्याच्या चार पायऱ्या त्या चढल्या कशा? कोणाच्या आधाराने? मुलगा तर तक्रारदार. बाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यानेही जेमतेमच दिसायचं. डब्यातली दुसरीच अंगठी हाताला लागली आणि तीच ही असं त्यांना खरंच वाटलं? की समजून उमजून आणली? समजून आणली असेल तर कशासाठी? मावशींनी त्यांना पुन्हा तोंड दाखवलं नव्हतं. त्या रस्त्यालासुद्धा कधी गेल्या नव्हत्या. बाई आपल्याला शिव्याशाप देत गेल्या असतील, असंच धरून चालल्या होत्या.

"झालं ना समाधान?" कारकुनाने विचारलं. "तुम्ही घेतलीच नव्हती."

मावशींनी मान हलवली. होकार की नकार, ते त्यांनाही समजलं नाही.

दुपारी निवासात पोचल्यावर त्यांनी जे वाचलं ते जसंच्या तसं सांगितलं. मेट्रनबाईंचा चेहरा उजळला.

"म्हणजे घरातच होती! अहो, एकोणतीस वर्षं उगाच जीव जाळलात!"

"मी घेतली होती, बाई. मोरीत पडताना आवाज ऐकलाय मी."

मेट्रनबाईंनी चष्मा नाकावर ओढला. मग कागद उचलून त्यांनी फाइलीत लावला, फाइल कपाटात ठेवली.

"उद्यापासून खोल्यांवर या. मास्तर कोणाच्या हातचं जेवत नाहीयेत." मावशी दारापर्यंत गेल्यावर त्या मागून म्हणाल्या, "अंघोळीच्या वेळी मात्र कोणाला तरी सोबत घेत जा."

"बरं," मावशी म्हणाल्या. जिंकलो की हरलो, याचा हिशेब त्यांना जिना उतरेपर्यंत लागला नाही.

घरी दादा पंख्याचं बटण दुरुस्तीसाठी उघडून टेबलाशी बसला होता. वहिनी गेली तेव्हा त्याची मुलं पाच आणि दोन वर्षांची होती. मावशींना तेव्हा एका शिंप्याचं स्थळ आलं होतं, माणूस बरा होता, दोनदा घरी येऊन गेला. दादाने मला सोडवलं, मी त्याची मुलं कशी सोडू, म्हणून त्यांनी नाही सांगितलं. मुलं मोठी झाली, आपापल्या संसाराला लागली. बहीणभाऊ राहिले.

"दादा, मला ठाण्यातून कोणी सोडवलं?"

त्याने मान वर केली नाही. "आज हे कुठून काढलंस?"

"सांग ना."

"मीच. आणखी कोण येणार होतं तुझ्यासाठी?"

"आत कोणाला भेटलास?"

स्क्रू त्याच्या बोटांतून टेबलावर पडला, घरंगळला. त्याने तो पडू दिला.

"आत नाही गेलो," तो म्हणाला. "दोन्ही दिवस समोरच्या फुटपाथवर उभा होतो. पायच उचलेना. तिसऱ्या दिवशी तुला त्यांनी बाहेर आणलं. तू मला पाहिलंस आणि गळ्यात पडून रडलीस. 'दादा, तू सोडवलंस,' म्हणालीस. मी हो म्हणालो नव्हतो. पण नाहीही म्हणालो नाही."

"एक बाई दिसल्या होत्या का? म्हाताऱ्या? काठी टेकत?"

"दिसली होती एक. पायऱ्या बसून बसून उतरत होती, एक एक. कोण होती ती?"

मावशी खुर्चीत बसल्या. रागाची वाट पाहत राहिल्या. राग यायला हवा होता. तो शिंपी आठवायला हवा होता, पण त्याचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोर येईना. समोर येत होत्या त्या फक्त ठाण्याच्या चार पायऱ्या.

दादा उठला. इतक्या वर्षांत कधी शिरला नव्हता तसा स्वयंपाकघरात शिरला. पातेलं आदळल्याचा आवाज आला, मग नळाचा.

"चहा टाकतो," तो आतून म्हणाला. "साखर कुठे असते गं?"

आत तो एकेका डब्याचं झाकण उघडत होता आणि लावत होता, आणि मावशी बसून ऐकत होत्या.