पंचवीस चौकोन

हे सांगणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली, दोनदा सोडून दिली. पण सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. सहा पात्यांचा. कारखान्यात माझं एकच काम, जखमा करणं. लोखंडावरचा नवा रंग वाळला की त्याच्यावर मला एकदा उभं ओढायचं, एकदा आडवं. पार लोखंड दिसेपर्यंत. पंचवीस चौकोन पडतात. त्यावर चिकटपट्टी दाबायची आणि खसकन उपटायची. रंग निघाला, तर काम नापास.

मला चालवायचा तपासनीस. सगळे त्याला चष्मा म्हणायचे. रंगारी त्याचा साडू. मी रंगाऱ्याचंच काम फाडायचो, तरी तोच माझी पाती पुसून तेल लावायचा. चष्म्याला चिडवायचा, "साडू, माझ्या रंगावर असा तुटून पडतोस, घरी बायकोसमोर कसा गप्प असतोस रे?" माझा दोस्त तोच.

एकदा कारखान्याच्याच पाण्याच्या टाकीची शिडी रंगवून आली. पहिल्या रेघेलाच मला कळलं. कडेचा रंग टवके होऊन उडत होता. खालचं तेल पुसायचंच राहिलेलं. रंगाऱ्याची त्या महिन्यातली ही तिसरी चूक. मालकानं बजावलं होतं, तिसऱ्या वेळी घरी बसवीन.

चष्म्यानं ताजी पट्टी खिशात घातली. खिडकीत उन्हानं वाळलेली जुनी पट्टी घेतली. ती कशालाच चिकटत नव्हती. एकही चौकोन निघाला नाही. पास. मला तोंड नाही, काय करणार?

दोन वर्षं टाकीचं पाणी शिडीवर झिरपत राहिलं. वरून रंग चकाचक, आत पायऱ्यांचं लोखंड गंजलं. मग टाकी रंगवायला तोच रंगारी चढला. अकरावी पायरी तुटली. तो फरशीवर आपटला, तो आवाज मी टेबलावरून ऐकला. मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. रक्त गटारापर्यंत गेलं. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी चष्मा मला घेऊन शिडीवर तुटून पडला. पायरीमागून पायरी ओरबाडली. ताजी पट्टी लावायचा, उपटायचा. पंचवीसच्या पंचवीस चौकोन निघाले, प्रत्येक वेळी. माझी दोन पाती मोडली तरी थांबेना. मग सगळ्यांसमोर त्यानं जुन्या पट्टीचं कबूल केलं.

आता तपासणीच्या खुर्चीवर रंगारी बसतो. पहिल्याच दिवशी त्यानं मला नवी पाती बसवली. चष्मा समोर मान खाली घालून उभा.

"नोकरीच गेली असती ना रे," रंगारी म्हणाला. "दुसरी मिळाली असती."

मग मला तेल लावत हळूच बोलला, "कुणाचंही काम असू दे. सोडायचं नाही."

नाही सोडणार, दोस्ता. तुझं असलं तरी.