मधला चांगला लूप

"शी. हे लिहून झालं की साबणानं बोटं धुवावीत असं वाटतं," शेजारच्या खुर्चीतली पूजा पुटपुटली.

चारुलताला हसू आलं नाही. राजपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात दोघींचं काम एकच, मुद्दाम घाण कोड लिहायचा. विपुलची कंपनी लिंटर बनवत होती, म्हणजे दुसऱ्याचा कोड वाचून त्यातल्या खोडी दाखवणारा प्रोग्राम. तो गचाळ लूप, म्हणजे कोडचे पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे, पकडतो का हे बघायचं, तर आधी गचाळ लूप लिहायला हवेत. कधीच न थांबणारे, गरज नसताना एकच काम हजारदा करणारे, चालता चालता आपलीच यादी कुरतडणारे. शेचाळिसाव्या वर्षी चारुलता त्यात इतकी तरबेज झाली होती, की स्वतःचीच फाईल उघडताना नाकाला पदर लावावासा वाटे.

पण खरी किळस त्या घाणीची नव्हती. ती होती मधल्या चांगल्या लूपची.

ऑफिसचा रिवाजच होता. चाचणीच्या फाईलीत दोन वाईट लूप लागोपाठ ठेवायचे नाहीत, मध्ये एक स्वच्छ लूप घालायचा. कुणी का म्हणून विचारलं, तर विपुल म्हणे, "अपनी पद्धत है." कारण सगळ्यांना ठाऊक होतं. लागोपाठ ठेवले की लिंटर दुसरा सोडून देई. वाईट लूप सापडला, की तपासणी करणारा लिंटरचा स्वतःचा मूळ लूप त्याला लगेच तपासायच्या यादीतून काढून टाकी. मागचा त्याच्या जागी सरके आणि तपासणी त्याला ओलांडून पुढे जाई. मध्ये चांगला लूप असला, की ओलांडला जाई तो, आणि चूक झाकली जाई. ज्या खोडीसाठी जगाला लाल रेघ दाखवायची, तीच आपल्या पोटात. आणि तो मूळ लूप लिहिलेला गजानन सरांनी.

सरांनी बुधवाऱ्यातल्या क्लासात या तिघांनाही शिकवलं होतं. चाळिशीतली चारुलता पहिल्या दिवशी वर्गात शिरली तेव्हा पोरं फिदीफिदी हसली. सरांनी तिला पुढचा बाक रिकामा करून दिला. आता सत्तरीतले सर रोज अकराला येत, चहा घेत आणि विचारत, "माझा लूप काय म्हणतो?"

"एक नंबर, सर," असं सगळे म्हणत. चारुलतासुद्धा.

उद्या लिंटर औषधांच्या डोसाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या गिऱ्हाईकाकडे जाणार होता. सगळे वाईट लूप पकडले जातात, या कागदावर चारुलताची सही हवी होती.

"करून टाका ना, चारुताई. नंतर गुपचूप बदलू," विपुल हळूच म्हणाला.

"दोन वर्षं हेच ऐकतेय मी."

"सर को बुरा लगेगा."

"आणि कुणाचा डोस चुकला, तर त्याला काय छान वाटेल?"

तेवढ्यात सर कप घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहिले. स्क्रीनकडे वाकून बघत म्हणाले, "चारुलता, हा मधला कशाला गं? काही कामाचा दिसत नाही."

पूजाला एकाएकी कीबोर्डातली धूळ दिसली. "सर, बिस्किट घ्या," विपुल म्हणाला. चारुलताला त्या बिस्किटाचीही शिसारी आली, आणि दोन वर्षं म्हटलेल्या आपल्याच 'एक नंबर'चीही.

तिनं मधला लूप पुसला आणि चाचणी चालवली. वाईट लूप दोन, लाल रेघ एक.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "एकच?"

"हो, सर," चारुलता म्हणाली. "दुसरा तुमच्या लूपमुळे सुटतो. तुमचा लूप चुकलाय, आणि आम्हा सगळ्यांना ते दोन वर्षांपासून माहीत आहे."